नावावरचा गॅस

चांगुणाचं डावं मनगट मोडलं ते वसुबारसेच्या दिवशी. हनुमंतानं तिचा हात दाराच्या चौकटीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दार आपटलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन वेळा ती ओरडली. तिसऱ्या वेळी आवाजच फुटला नाही.

कारण पोरीचं होतं. पंकजा नववीला होती. हनुमंतानं ऊसतोडीच्या टोळीतलाच एक पोरगा हेरला होता. फडावर जायच्या आधी पोरीचं उरकून टाकायचं, म्हणजे घरातून एकाचे दोन कोयते होतील, असा त्याचा हिशोब. चांगुणानं भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितलं, "पोरीचं लगीन हुनार न्हाई. आन् औंदा मी बी ऊस तोडाया येनार न्हाई."

सोळा हंगाम ती गेली होती. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगलीकडच्या फडात उतरली होती. पंकजा पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढली होती. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. बाई नसली तर उरलेल्या गड्याला मुकादम विचारत नाही. हनुमंताला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच दार तीनदा आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकादमाकडं गेला, तशी चांगुणानं हात पदराच्या झोळीत बांधला, पंकजाचं दप्तर घेतलं आणि लेकीला पुढं घालून ती रस्त्याला लागली. सासू, रंगुबाई, ओट्यावर बसून होती. तिनं दोघींना जाताना पाहिलं. कुठं चाललीस, असं तिनं विचारलं नाही, अन् थांब असंही म्हणाली नाही.

पाथर्डीपर्यंत जीप, तिथून एसटी. करंजीचा घाट उतरताना बस गचके घ्यायला लागली, तसं पंकजानं आईचं मनगट आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवलं. नगरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. तिथंच शेजारच्या खाटेवरच्या भावजयीजवळ गोजरबाई बसलेली होती. साठीची, विधवा, मोठ्या आवाजाची बाई. केडगावात तिचं घर होतं आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिनं चांगुणाचा हात बघितला, गालावरची जुनी खूण बघितली आणि म्हणाली, "पडलीस म्हणून सांगू नकोस. मला पण एक असाच भेटला होता. चल माझ्याकडं."

अशी चांगुणा केडगावात आली. सावेडीतल्या एका वसतिगृहाच्या खानावळीत तिला काम मिळालं. आधी एका हातानं भाज्या निवडायचं, प्लास्टर निघाल्यावर चपात्यांचं. पंकजाचं नाव केडगावच्या शाळेत घातलं. सगळं बस्तान बसलं, राहिला तो गॅस. चांगुणानं अंगणात तीन विटा मांडून चूल केली होती. लाकडं ओली निघाली की धूर सरळ गोजरबाईच्या घरात शिरायचा आणि गोजरबाई खोकत खोकत बाहेर यायची. "बये, गॅस घे. एक दिवस मलाच धुरी देऊन मारशील."

म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी चांगुणा केडगावच्या गॅस एजन्सीत गेली. काउंटरला ज्योती नावाची मुलगी बसायची. तिनं आधार नंबर कॉम्प्युटरला टाकला आणि मान हलवली.

"मावशी, नवीन कनेक्शन मिळणार नाही. तुमच्या नावावर आधीच एक आहे. पाथर्डीला."

"माज्या नावावर?"

"हो. योजनेतलं आहे. बाईच्याच नावावर मिळत होतं ते."

चांगुणाला आठवलं. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला होता, सगळ्या बायकांना ओळीत उभं करून फोटो काढले होते. शेगडी आणि लाल टाकी घेऊन ती घरी आली, त्या दिवसापासून ती टाकी हनुमंताचीच झाली. पाहुण्यांना सांगताना तो म्हणायचा, "मी गॅस आनला."

"मग ते हितं आना की," चांगुणा म्हणाली.

"तसं नाही होत. तिकडच्या एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करायचं. ते ट्रान्सफरचा कागद देतील. तो कागद मला आणून द्या, की मी इकडून नवी टाकी देते."

"टाकी जमा केल्याबिगर न्हाई का हुनार?"

"नाही हो मावशी."

चांगुणा एजन्सीच्या पायरीवर थोडा वेळ बसली. टाकी त्या घरात होती. दोन महिने झाले, हनुमंताला ती कुठं आहे हे कळलेलं नव्हतं. पण ज्या वस्तूवर तिचं नाव होतं, अशी जगात ती एकच होती. घर त्याचं, जमीन दिराची, गळ्यातलं तिनं दवाखान्याच्या खर्चासाठी मोडलेलं. तिनं ठरवलं की टाकी आणायची.

*

सासरच्या वाडीत कारभारी नावाचा म्हातारा ॲपे रिक्षा चालवायचा. मूळचा चांगुणाच्या माहेरच्या गावचा, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. तिनं पाथर्डीच्या स्टँडवर त्याला गाठलं. हनुमंत आता कुणाची तरी जीप चालवतो आणि दहापासून दुपारपर्यंत शेवगावच्या बाजूला असतो, हे त्याच्याकडूनच कळलं. टोळीनं त्याला नेलं नव्हतं. ट्रक सुटताना त्याचं गाठोडं मुकादमानं सगळ्या वाडीदेखत खाली टाकलं होतं.

"तवापासून माणूस राह्यला न्हाई त्यो," कारभारी म्हणाला. "पोरी, नको त्या फंदात पडू."

"मामा, निस्ती टाकी उचलायची अन् यायचं. चला."

वाडीत पोचली तेव्हा अकरा वाजले होते. रंगुबाई घरात शेगडीवर कोरा चहा करत होती. ती वळली आणि चांगुणा दारातच थबकली. म्हातारीचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. भुवईवर खपली होती, गाल जांभळा पडलेला.

"आत्या, हे काय?"

"पडले," रंगुबाई म्हणाली.

सोळा वर्षं चांगुणा मार खाताना ही बाई ओट्यावर बसून असायची. कधी मध्ये पडली नाही, कधी पाण्याचा तांब्या आणून दिला नाही. चांगुणानं मनात किती वेळा ठरवलं होतं की कधीतरी तिला हे बोलून दाखवायचं.

"टाकी न्यायला आले," ती एवढंच म्हणाली. "माज्या नावावर हाय."

"आन् मी काय करू?"

"आत्या, मला..."

"थांब." म्हातारीनं चहा खाली उतरवला, शेगडी बंद केली. मग गुडघ्यावर हात देऊन बसली आणि रेग्युलेटर फिरवून ओढायला लागली. तिच्या बोटांना ते जमेना. चांगुणानं हात लावला तसा तिनं तो झटकला. शेवटी एकदाचं ते निघालं. रंगुबाईनं रेग्युलेटर पदरानं पुसून सुनेच्या हातात दिलं. "शेगडी बी ने. मी चुलीवर करीन. जा बिगी बिगी. त्याचा नेम न्हाई."

टाकी अर्धी भरलेली होती. चांगुणानं ती कमरेवर घेतली. डाव्या मनगटात कळ उठली तशी तिनं ओठ चावला. रिक्षात टाकी ठेवली, शेगडी ठेवली, कारभारीनं गाडी चालू केली. मागं वळून बघितलं तेव्हा रंगुबाई ओट्यावर होती, पण या वेळी उभी होती.

अर्ध्या वाटेत हनुमंताची जीप समोरून आली.

कुणी फोन केला होता की तो असाच परतला होता, हे कधी कळलं नाही. जीप त्यांच्या बाजूनं पुढं गेली, करकचून थांबली आणि वळली. कारभारीनं आरशात बघितलं आणि रिक्षाचा कान पिळला. पण ॲपे ती ॲपे. पहिला धक्का मागून बसला तेव्हा चांगुणाचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. दुसऱ्या धक्क्याला टाकी आडवी होऊन तिच्या पावलावर पडली. तिसऱ्याला रिक्षा रस्ता सोडून चारीत उतरली आणि एका अंगावर कलून बंद पडली.

हनुमंत उतरला. त्याच्या हातात चाकं खोलायची टॉमी होती. तो घाईनं नाही, रमतगमत आल्यासारखा आला. आधी त्यानं रिक्षाची काच फोडली. कारभारी "आरं हनुमंता, आरं लेका," म्हणत हात पुढं करून उभा राहिला, तर टॉमी त्याच्या हातावर बसली. म्हातारा हात पोटाशी धरून तिथंच खाली बसला. मग हनुमंतानं चांगुणाचा अंबाडा धरून तिला बाहेर ओढलं.

"चोरी करतीस? माज्या घरात शिरून?" त्यानं तिला मातीत लोळवलं आणि लाथ घातली. "कुठं ऱ्हातीस? बोल. पोरगी कुठं हाय?"

चांगुणानं गुडघे पोटाशी घेतले. दुसरी लाथ पाठीत बसली, तिसरी मांडीवर. ती बोलली नाही. त्यानं तिचं तोंड मातीत दाबलं. दातांत खडे आले, श्वास अडकला, तरी ती बोलली नाही.

तेवढ्यात मागून पाथर्डीला जाणारी एसटी आली. बाजाराचा दिवस, बस खच्चून भरलेली. ड्रायव्हरनं रस्त्यात आडवी लावली आणि माणसं उतरली. दहा-पंधरा बाप्ये आणि त्यांच्या मागं बायका. हनुमंतानं सगळ्यांकडं एकवार बघितलं. टॉमी खांद्यावर टाकली.

"माजी बायको हाय," तो म्हणाला.

"आसंल," एसटीचा ड्रायव्हर म्हणाला. "तू हो बाजूला."

हनुमंत वाकून चांगुणाच्या कानाशी बोलला. "तू कुठं बी जा. मी येतो." मग जीप घेऊन निघून गेला.

कंडक्टर म्हणाला, गॅसची टाकी एसटीत चालत नाही. ड्रायव्हर सीटवर चढून बसला आणि त्यानं गाडी बंदच केली. "टाकी चढल्यावर सांग, मग निघू." बायकांनीच टाकी वर घेतली. एकीनं शेगडी घेतली. कारभारीला दोघांनी धरून बसवलं. पाथर्डीला उतरल्यावर चांगुणा आधी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. त्याच्या हाताची दोन बोटं मोडली होती. तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं तर तो चिडला. "पाया पडाया वेळ हाय का? जा, त्यो कागद घे आधी."

अंगभर माती, चेहऱ्यावर रक्त, एक पाय ओढत चांगुणा तिथल्या एजन्सीत गेली आणि तिनं टाकी आणि रेग्युलेटर काउंटरवर ठेवलं. तिथल्या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं जिथं दाखवलं तिथं तिनं अंगठा न लावता सही केली. पंकजानं शिकवलेली सही, नाव-आडनावाची सहा अक्षरं धरून धरून.

*

दुसऱ्या दिवशी केडगावला ज्योतीनं कागद बघितला, मग तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि खुर्ची पुढं केली. माहिती भरता भरता तिनं विचारलं, "मोबाईल हाच ना? शेवटी सत्तेचाळीस?"

चांगुणा खुर्चीतून पुढं झुकली. "त्यो माज्या मालकाचा. तवा माज्याकडं फोन नव्हता. त्यो काढा. हा घाला." तिनं पंकजाच्या वहीचं पान पुढं केलं. "आन् बाई, त्या नंबरावर काय बी कळवू नका. त्यानंच केलंय हे." तिनं गालाकडं बोट दाखवलं.

ज्योतीनं अर्ज लिहून घेतला. "नंबर बदलायचं वेगळं असतं मावशी, आत्ता ते चालत नाहीये. उद्या सकाळी पहिलं हेच करते. रेग्युलेटर आत्ता घेऊन जा, टाकी परवा घरपोच येईल."

ज्योती वाईट मुलगी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिच्या काउंटरला गर्दी उसळली आणि अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला. कॉम्प्युटरनं मात्र आपलं काम केलं. कनेक्शन केडगावला वर्ग झालं, असा मेसेज हनुमंताच्या मोबाईलवर गेला. मागोमाग दुसरा गेला, की सिलिंडर आज पोचेल, आणलेल्या माणसाला हा चार आकडी कोड सांगा.

टाकी पोचवणारा आबासाहेब नावाचा गडी होता. गल्ली सापडेना म्हणून त्यानं कागदावरच्या नंबरला फोन लावला. फोन एका पुरुषानं उचलला. गोड बोलला. "मी तिचा मालकच हाय, भाऊ. मी देवीच्या देवळापाशी हुबा हाय. मला घे, मंग मिळून जाऊ." आबासाहेबानं त्याला टेम्पोत घेतला. पत्ता कागदावर होताच, दोघांनी विचारत विचारत घर काढलं. कोडही त्या माणसानं बरोबर सांगितला. "तू नगं तरास घिऊस," तो म्हणाला आणि टाकी त्यानंच खांद्यावर घेतली.

गुरुवार होता, चांगुणाची खानावळीला सुट्टी. पंकजा शाळेत गेली होती. चांगुणानं ओटा पुसून शेगडी मांडली होती, नळी जोडली होती. "गॅस!" अशी हाक आली तशी ती पदराला हात पुसत दाराशी गेली.

दारात हनुमंत उभा होता. खांद्यावर लाल टाकी.

तिनं दार लोटलं, पण त्यानं टाकीसकट धडक दिली. ती मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. त्यानं टाकी खाली ठेवली, दार लावलं, कडी घातली, खिडकी ओढून घेतली. मग खोलीभर नजर फिरवली. पंकजाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं, ते त्यानं वाचत असल्यासारखं बघितलं.

"बरं हाय घर," तो म्हणाला. "पोरगी किती वाजता येती?"

चांगुणा ओरडणार तोच त्याची मूठ तिच्या तोंडावर बसली. तिला दात जिभेवर लागला, सुटा. दुसरा फटका कानावर बसला आणि मग त्या कानातून नुसतं शिट्टीसारखं ऐकू यायला लागलं. ती खाली पडली. त्यानं तिला उठू दिलं, परत पाडलं. असं तीन वेळा. मारताना तो बोलत होता, आणि ते तिला एकाच कानानं, लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"ट्रकमधनं माजं गठुडं फेकलं. पोरं हसली. बाई पळाली म्हनून हसली. मी काय अर्धा हाय? सांग. अर्धा हाय का मी?"

ती सरपटत कोपऱ्यात गेली. तिला वाटलं, आता दमेल, घरी दमायचा तसा. पण तो टाकीकडं वळला. सील तोडलं, ओट्यावरचं रेग्युलेटर घेऊन टाकीला बसवलं. शेगडीची नळी हिसका देऊन उपटली. आणि खटका फिरवला.

गॅस फुसफुसत बाहेर पडायला लागला.

"तुझ्या नावावर हाय न्हवं?" हनुमंत म्हणाला. "घे मंग." आणि त्यानं शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली.

खानावळीत चांगुणानं आठ मोठ्या शेगड्यांवर काम केलं होतं. कोंडलेल्या खोलीत गॅस किती वेळात भरतो, हे तिला तिथल्या आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वास आला की बटणाला हात लावायचा नाही, दारं उघडायची. इथं दाराला कडी होती, आणि दाराच्या वाटेत तो होता. तिनं विचार केलाच नाही. मोरीपाशी पंकजाचे गणवेश भिजवलेली बादली होती. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली. मनगट कडकडलं. सगळं पाणी, कपड्यांसकट, तिनं त्याच्या छातीवर फेकलं.

काडेपेटी चिंब झाली. त्यानं काडी ओढली, ती चुरली. दुसरी ओढली. चांगुणा त्याच्या अंगावर गेली आणि तिनं त्याचा अंगठा दातांत धरला. तिचे पुढचे दात हलत होते, म्हणून तिनं दाढांनी चावला, हाड लागेपर्यंत. तो किंचाळला. पेटी पडली. त्यानं दुसऱ्या हातानं तिचा गळा धरला आणि ती भिंतीला टेकली तशी तिची पावलं जमिनीवरून सुटली. खोली काळी व्हायला लागली. तिचा हात ओट्यावर चाचपडला. तिथं लोखंडी खलबत्ता होता. बत्ता हाताला लागला.

पहिला घाव खांद्याच्या हाडावर बसला आणि ते मोडल्याचं तिला हातातून कळलं. गळा सुटला. दुसरा तिनं खाली वाकून गुडघ्यावर घातला. सोळा वर्षं तिनं वाकून, बुडख्यातून ऊस तोडला होता. कमरेतून कसा घाव घालायचा, हे कुणी तिला शिकवायची गरज नव्हती. हनुमंत आडवा झाला. तिनं परत त्याच गुडघ्यावर घातला, आणि परत. तो हात जोडायला लागला. "चांगुणा, चांगुणा, आगं," असं तो म्हणत होता, आणि तिला ते ऐकू येत असून येत नव्हतं. तिनं बत्ता दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. आता तिला त्याचं कपाळ दिसत होतं. दुसरं काहीच दिसत नव्हतं.

आणि दारापाशी गोजरबाईचा आवाज आला.

"चांगुणा! काय चाललंय गं? अंधार का केलास? थांब, मी लाइट लावते."

मागच्या खोल्यांच्या दिव्याचं बटण बाहेर, दाराशेजारी होतं. गोजरबाईचा हात नेहमी आधी तिथंच जायचा. खिडकीच्या फटीतून, दाराखालून गॅस बाहेर निघत होता. चांगुणाचा गळा आवळलेला, आवाज बसलेला. तिनं सगळा जीव एकवटून हाळी दिली. मोळी अंगावर घसरायला लागली की फडात देतात तशी.

"मावशी! बटन दाबू नका! गॅस! बटन दाबू नका!"

बत्ता तिच्या हातातून सुटला. तिनं हनुमंताला ओलांडून टाकी गाठली आणि खटका बंद केला. कडी काढायला ती दाराकडं धावली तेव्हा हनुमंतानं तिचा पाय धरला. मोडक्या खांद्यानं, मोडक्या पायानं, तरी धरला. ती तोंडावर पडली. दाराला धरून अर्धी उठत तिनं कडी वर ढकलली आणि बाहेरून दार लोटलं गेलं. दारात गोजरबाई होती आणि तिच्या मागं आबासाहेब, जो गल्लीच्या टोकाला दुसऱ्या घरी टाकी देऊन परत येत होता. त्यानं आत बघितलं, वास घेतला आणि आधी चांगुणाला काखेत धरून अंगणात ओढलं. मग आत जाऊन हनुमंताला फरफटत बाहेर आणलं आणि त्याच्या छातीवर गुडघा देऊन पोलीस येईपर्यंत बसून राहिला. बसल्या बसल्या तो रडत होता. "मीच आनला, ताई. मीच ह्याला टेम्पोत बसवून आनला."

चांगुणा अंगणातल्या विटांपाशी बसली होती. तोंडातून रक्त गळत होतं. ती गोजरबाईला एकच गोष्ट परत परत सांगत होती, की पंकजा साडेबाराला सुटेल, तिला शाळेतच थांबवा, तिला इकडं आणू नका.

*

हनुमंताच्या गुडघ्याची वाटी फुटली होती आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ पोलीस बसवला. बायकोला जाळून मारायचा प्रयत्न केला, असा गुन्हा दाखल झाला. त्याच्या वकिलानं उलटी तक्रार दिली, की बाईनंच घरी बोलावलं आणि बत्त्यानं मारलं. दोनदा चौकशी झाली. आबासाहेबानं जबाब दिला. ज्योती ड्रॉवरमधला अर्ज घेऊन स्वतःहून पोलीस स्टेशनला गेली. त्यावर तारीख होती, चांगुणानं सांगितलेलं कारणही तिच्याच अक्षरात होतं. नोकरी जाईल, असं तिला एजन्सीतल्यांनी बजावलं होतं. तरी ती गेली.

चांगुणाचे दोन दात गेले. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

आठव्या दिवशी रंगुबाई केडगावला आली. बरोबर कारभारी होता, हाताला पट्टी. म्हातारी आधी दवाखान्यात लेकाला बघून आली होती. ती दारात बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही. डोळ्याची सूज उतरली होती, पण पांढऱ्यात अजून रक्त दिसत होतं.

"पोलीस साहेब आलं हुतं वाडीला," ती म्हणाली. "म्हनले, आजी, तुमी आई, तुमी काय सांगनार. मी म्हनलं, लिव्हा. ह्यो डोळा त्यानं फोडला. सुनंचा हात त्यानं दारात चेचला, मी बगितलं. मी हुते तिथं. सोळा वरसं मी तिथंच हुते. समदं लिव्हा म्हनलं."

चांगुणाला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग येईल असंही वाटलं, तोही आला नाही. तिनं पाण्याचा तांब्या भरून म्हातारीपुढं ठेवला.

रंगुबाई पाणी प्यायली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक इचारू का?"

"इचारा की."

"त्याला दवाखान्यातलं जेवान जात न्हाई. म्या म्हनलं, तुज्याकडून दोन भाकरी..." तिनं वाक्य सोडून दिलं.

पंकजा आतून बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. चांगुणानं तिला हातानंच थांबवलं.

"आत्या," ती म्हणाली, "तुमी हितं जेवा. आजच न्हाई, कंदी बी या, जेवा, ऱ्हावा. पन त्याच्यासाठी माज्या घरात भाकर भाजायची न्हाई. तुमचा ल्योक हाय, तुमी घिऊन जा काय न्यायचं ते. मी तुमाला आडवनार न्हाई."

म्हातारीनं मान हलवली.

पंकजानं ताट वाढलं. रंगुबाई अर्धी भाकरी जेवली, हात धुतला आणि कारभारीला म्हणाली, "चला." रस्त्यापर्यंत चांगुणा तिच्याबरोबर गेली. पुणे रस्त्यावरून ट्रक धडाडत जात होते, आणि चांगुणाला एका बाजूनंच ऐकू यायचं, म्हणून रस्ता ओलांडताना म्हातारीनं तिचा हात धरला. पलीकडं एका हॉटेलात रंगुबाईनं दोन भाकरी आणि पिठलं बांधून घेतलं. ते पुडकं पोटाशी धरून ती दवाखान्याकडं जाणाऱ्या रिक्षात चढली.

चांगुणा परत आली तेव्हा चार वाजत आले होते. खानावळीची संध्याकाळची पाळी होती. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि चपला घातल्या.